व्हिसा मिळाला, पण तो कशाचा?

सोलापूरच्या कापड गिरण्या बंद पडून बराच काळ लोटला. यंत्रमागावर काम असते तेव्हा असते, नसते तेव्हा नसते. विडीच्या मजुरीवर घर चालत नाही. मग घरातल्या एखाद्या तरुणाने सौदी, दुबई किंवा कुवेतची वाट धरावी, असे सगळ्यांनाच वाटू लागते. त्यासाठी अम्मीच्या पाटल्या मोडल्या जातात, बचत गटाचे कर्ज निघते. पण ज्या कागदावर हा सारा खर्च होतो, तो कागद बहुतेक घरांत कोणी वाचत नाही. तो वाचतो फक्त एजंट. म्हणून नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत.

‘आझाद व्हिसा’ म्हणजे नेमके काय?

कायद्यात या नावाचा व्हिसाच नाही. व्हिसावर कोणा कफीलचे नाव आणि ठरावीक काम लिहिलेले असते. समजा, ‘घरगुती ड्रायव्हर’ लिहिले आहे. कफील पैसे घेऊन सांगतो, बाहेर कुठेही काम कर. पण सौदीच्या कामगार कायद्यानुसार दुसऱ्या मालकाकडे किंवा दुसऱ्या प्रकारचे काम करणे हा गुन्हा आहे. पकडले गेल्यास शिक्षा कामगाराला होते. त्यातच कफीलने ‘हुरूब’, म्हणजे कामावरून पळाल्याची नोंद केली, तर इकामा निकामी होतो आणि हद्दपारीची वेळ येते. ‘आझाद’ म्हणून विकत घेतलेला व्हिसा माणसाला सर्वांत जास्त बांधून ठेवतो.

पासपोर्टवर ‘ईसीआर’ छापले आहे. त्याचा अर्थ काय?

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा हा शेरा असतो. सौदी, अमिरात, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी त्यांना सरकारची परवानगी घ्यावी लागते. तिची नोंद ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर होते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यातली ही तरतूद अनेकांना कटकट वाटते. प्रत्यक्षात तीच कामगाराची ढाल आहे. तिच्यामुळे मालक कोण, पगार किती, करार काय, हे भारत सरकारच्या नोंदीत येते. शिवाय प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर, एवढाच ठरवलेला आहे.

दहावी झाली असूनही हा शेरा असेल, तर प्रमाणपत्र दाखवून पासपोर्ट नव्याने काढता येतो. आपला जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो आणि सोलापुरातही पोस्टाचे पासपोर्ट सेवा केंद्र आहे.

व्हिजिट किंवा उमराहच्या व्हिसावर जाऊन काम धरले तर?

भेटीच्या व्हिसाला ईसीआर परवानगी लागत नाही, म्हणूनच एजंट हा मार्ग सुचवतात. पण या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. मुदत संपल्यावर राहिल्यास दंड, तुरुंगवास आणि हद्दपारी. पगार बुडाला तर दाखवायला करार नाही, अपघात झाला तर विमा नाही. आणि इबादतीसाठी मिळालेल्या परवानगीवर मजुरी करायला जाणे हा त्या परवानगीशी धोकाच आहे.

एजंटला किती पैसे द्यावेत?

सरकारमान्य एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. १८ टक्क्यांनी ही रक्कम ३५,४०० होते. त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. लाख-दीड लाख मागणारा आणि पावती न देणारा माणूस ओळखीचा असो वा नात्यातला, त्याचा परवाना क्रमांक विचारा आणि ई-मायग्रेटवरच्या यादीत तपासा. परवान्याशिवाय परदेशी भरती करणे हा गुन्हा आहे. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात आणि मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयात करता येते.

मालक पासपोर्ट ठेवून घेऊ शकतो का? नोकरी बदलता येते का?

भारतीय पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते. सौदी, कतार, अमिरातीचे कायदेही मालकाला तो अडकवून ठेवू देत नाहीत. सौदीत मार्च २०२१ पासून, कराराचे एक वर्ष झाल्यावर मालकाच्या संमतीशिवाय दुसरीकडे जाण्याची मुभा मिळाली. मात्र त्या सुधारणेतून घरगुती नोकर, खासगी ड्रायव्हर, माळी आणि मेंढपाळ वगळले होते. व्हिसावर कोणते काम लिहिले आहे याला इतके महत्त्व आहे ते यासाठीच.

बायको-मुलांना नेता येईल का? कायमचे राहता येईल का?

कुटुंबाचा व्हिसा इकाम्यावरच्या हुद्द्यावर आणि पगारावर ठरतो. सौदीत २०१७ पासून प्रत्येक अवलंबितामागे दरमहा शुल्क लागू झाले आणि २०२० मध्ये ते ४०० रियालवर गेले. त्या दराने बायको आणि दोन मुले नेल्यास महिन्याला १,२०० रियाल नुसते शुल्कात जातात. निकाहनामा सोबत लागतोच, पण महानगरपालिकेतली विवाह नोंदणीही करून ठेवावी. निकाहनामा, आधार आणि पासपोर्ट या तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकच असावे. ‘शेख’ आणि ‘मोहम्मद’ या नावांच्या स्पेलिंगवरच कितीतरी अर्ज अडतात.

कायम वास्तव्याचे म्हणाल, तर साध्या कामगार व्हिसावर वीस वर्षे काढली तरी ते मिळत नाही. सौदीने २०१९ मध्ये सुरू केलेल्या कायम वास्तव्याची फी ८ लाख रियाल होती. अमिरातीचा गोल्डन व्हिसा गुंतवणूकदार आणि उच्चशिक्षित व्यावसायिकांसाठी आहे. त्यामुळे परतायचे आहे हे धरूनच हिशेब मांडावा.

मूल तिकडे जन्मले तर?

तिथे जन्मल्याने तिथले नागरिकत्व मिळत नाही. भारतीय आई-वडिलांनी जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात नोंदणी करावी. उशीर झाल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते.

अडचण आल्यास घरच्यांनी काय करावे?

परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर सोलापुरात बसूनही तक्रार नोंदवता येते. ती बायको, भाऊ किंवा वडील कोणीही करू शकतात. मात्र त्यासाठी पासपोर्ट क्रमांक, मालकाचे नाव आणि पत्ता लागतो, आणि नेमके तेच घरी नसते. म्हणून जाणाऱ्याने निघण्यापूर्वी पासपोर्ट, व्हिसा, करार, विमा आणि एजंटची पावती यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. व्हिसावरचे अरबी आपल्या मोहल्ल्यातल्या जाणकाराकडून वाचून घ्यावे. पाटल्या मोडायच्या त्या हे वाचून झाल्यावर.