पेशीतील कातिब

थॅलेसेमिया या आजाराचे नाव तुम्ही ऐकले असेल. तो तीव्र स्वरूपात झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. हा आजार जंतूंमुळे होत नाही. पुष्कळदा त्याच्या मुळाशी एकाच अक्षराची चूक असते! ही चूक समजून घ्यायची, तर पेशीच्या केंद्रकात डोकावले पाहिजे.

केंद्रक किती लहान? मिलिमीटरचे एक हजार भाग केले, तर त्यांतील सहा-सात भागांएवढी त्याची रुंदी असते. त्यात सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा मावतो. प्रथिने कशी बनवावीत, हे या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांत लिहिलेले असते. प्रथिने मात्र केंद्रकाबाहेर तयार होतात. ग्रंथालयातील मोठा कोश घरी नेता येत नाही. हवा तो मजकूर आपण उतरवून घेतो. पेशीही तेच करते. या उताऱ्याला आरएनए म्हणतात. तो उतरवणाऱ्या विकराला आपण कातिब म्हणू या.

पण हा उतारा जसाच्या तसा बाहेर जात नाही. १९७७ साली अमेरिकेत फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांना स्वतंत्रपणे असे आढळले, की जनुकातील मजकूर सलग नसतो. कामाच्या तुकड्यांमध्ये बिनकामाचे तुकडे असतात. या शोधाबद्दल त्यांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारे जनुकच पाहा. त्याचा उतारा सुमारे १६०० अक्षरांचा होतो. मधले दोन तुकडे कापून उरलेले तीन जोडले, की जेमतेम ६२५ अक्षरे उरतात.

केंद्रकात खोल्या नाहीत, भिंती नाहीत. तरी कामांच्या जागा ठरलेल्या आहेत. केंद्रकी नावाच्या दाट भागात रायबोझोमसाठी लागणारा आरएनए बनतो. कापणी-जोडणीचे साहित्य ठिपक्यांसारख्या पुंजक्यांत साठते आणि लागेल तेथे जाते. कातिबाचे लिहिणे चालू असतानाच कापणारे कामाला लागतात. उताऱ्याच्या आरंभी टोपी बसते, शेवटी एकाच अक्षराची लांब शेपटी लागते. मग केंद्रकाच्या आवरणातील छिद्रांतून तो बाहेर पडतो. बिघडलेले बरेच उतारे आतच नष्ट केले जातात.

आता ती चूक पाहू. कोठे कापायचे, याची खूण अक्षरांतच असते. भारतात थॅलेसेमियाच्या रुग्णांत सर्वांत जास्त आढळणारा बदल हिमोग्लोबिनच्या याच जनुकात, पहिल्या बिनकामाच्या तुकड्यातील पाचव्या अक्षरावर असतो. तेथे 'जी'ऐवजी 'सी' येते. तो तुकडा तर फेकूनच द्यायचा होता! पण खूण पुसट झाल्याने कापणारे चुकतात आणि भलत्याच जागी कापतात. नीट उतारे फार थोडे तयार होतात, म्हणून हिमोग्लोबिन कमी पडते.

प्रत्येकाजवळ या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एकच सदोष असेल, तर ती व्यक्ती केवळ वाहक असते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तीव्र आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकाला बहुधा कसलाच त्रास होत नाही. त्यामुळे रक्ताची खास तपासणी केल्याशिवाय आपण वाहक आहोत, हे त्याला कळत नाही.