हनुवटीवरचे चार केस

माझी मावशी बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या एका खेड्यात राहायची. दुपारी माणसं रानात गेली की ती उंबऱ्यात येऊन बसायची. डाव्या हातात हातभर दोऱ्याला बांधलेला छोटा आरसा, उजव्या हातात पायातला बाभळीचा काटा काढायचा चिमटा. उन्हाकडे हनुवटी करून ती बोटाने चाचपायची, कारण डोळ्याला न दिसणारा खुंट बोटाला लागतो. सापडला की चिमट्यात धरून झटकन ओढायची आणि डोळ्यात आलेलं पाणी पदराने पुसायची. मोजून चार केस. आम्हा पोरींना दरवेळी सांगायची, "कुणापाशी बोलू नका गं."

मावशीची पाळी तीन-तीन महिने यायची नाही. चाळिशी ओलांडली आणि तिला साखर निघाली. हनुवटीवरचे केस, लांबणारी पाळी आणि साखर या तीन गोष्टी एकाच धाग्यातल्या असू शकतात, हे तिला कुणी कधी सांगितलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं! माझ्याच ओठावर राठ केस यायला लागले तेव्हा मी विचारत, वाचत गेले. तेव्हा कळलं ते इथे लिहिते आहे.

आधी शरीराचं साधं गणित. स्त्रीच्या चेहऱ्यावर लव असतेच, प्रत्येकीच्या. पुरुषी म्हटली जाणारी संप्रेरकं, म्हणजे अँड्रोजेन्स, प्रत्येक बाईच्या अंगात थोडी असतात. ती अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींत तयार होतात. त्यांचं प्रमाण वाढलं, किंवा प्रमाण ठीक असूनही त्वचा त्यांना जास्त दाद देऊ लागली, तर ओठावरची, हनुवटीवरची, कानापुढची मऊ लव काळ्या राठ केसात बदलते. एकदा लवेचा राठ केस झाला की औषधाने त्याची पुन्हा लव होणं अवघड असतं. औषध पुढच्या केसांना अडवतं, आलेले केस मात्र काढावेच लागतात. पंधरा दिवसांत गोळी सोडून देणाऱ्या बायका इथेच फसतात. केसाचं वाढीचं चक्र काही महिन्यांचं असतं, त्यामुळे औषधाचा गुण समजायला निदान सहा महिने जावे लागतात.

केस किती म्हणजे जास्त, हे मोजायची पद्धत फेरीमन आणि गॉलवे या दोघांनी १९६१ मध्ये मांडली. पुढे ती सुधारून ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या अशा नऊ जागा ठरल्या. प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण. बेरजेचा आकडा कुठे थांबला म्हणजे आजार, हे वंशानुसार बदलतं. माझ्या आजोळी सगळ्याच बायकांच्या हातांवर दाट केस आहेत. तो घराण्याचा वारसा. ठरावीक जागांवर, वयात आल्यानंतर, वाढत जाणारे राठ केस ही गोष्ट वेगळी.

त्यामागचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), आपल्याकडे सर्रास 'पीसीओडी' म्हणतात ते. स्टाइन आणि लेव्हेंथल या अमेरिकी डॉक्टरांनी १९३५ मध्ये त्याचं वर्णन केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननवयातल्या १३ टक्क्यांपर्यंत बायकांना तो असतो आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांचं निदानच झालेलं नसतं. सोनोग्राफीवाले सांगतात त्या अंडाशयातल्या 'गाठी' खऱ्या गाठी नसतात, ती पूर्ण न वाढलेल्या बीजांची पुटकं असतात. 'गाठी' शब्द ऐकला की आपल्याकडे घरात रडारड होते, म्हणून हे मुद्दाम सांगते. आणखी एक: पाळी सुरू होऊन आठ वर्षं होण्याआधी मुलीचं निदान सोनोग्राफीवरून करू नये, असं २०२३ चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं. त्या वयात अंडाशय तसे दिसणं नेहमीचंच असतं.

पीसीओएसमध्ये इन्सुलिनचा हात मोठा. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईना की ते रक्तात वाढतं, आणि वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजेन करायला लावतं. त्याची एक खूण मानेवर दिसते. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी होते. आमच्याकडे तिला मळ समजतात. नहाणीत पोरीला बसवून वजरीने मान घासणारी आई मी पाहिली आहे. पोर ओरडत होती, मान लाल झाली होती, काळं जात नव्हतं. जाणार कसं? तो मळ नव्हताच. त्या पोरीला साबणाची नाही, साखरेच्या तपासणीची गरज होती. अंगाने सडपातळ बाईलाही पीसीओएस असतो, तेव्हा "ती कुठे जाड आहे" म्हणून दुर्लक्ष करू नये.

मात्र हनुवटीवर केस म्हणजे पीसीओएसच, असंही नाही. काहींची पाळी नियमित असते, तपासण्या चोख येतात आणि केस तरी येतात. पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं, अँड्रोजेनचं पारडं जड होतं आणि हनुवटीवर दोन-चार राठ केस उगवतात. डोक्यावरच्या केसांसाठी लावलेल्या मिनॉक्सिडिलनेही चेहऱ्यावर केस येतात. पण केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळावरचे केस विरळ झाले, तर एक दिवसही थांबू नये. अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ असू शकते.

आता काढायचं कसं. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडच्या मागे गाळ्यात पार्लर असतं. खुर्ची एक, बाकावर बसलेल्या तिघी. पार्लरवाली ताई ओठावर पावडर चोळते, रिळाचा दोरा तोडून एक टोक दातात धरते, बोटांत त्याची कात्री करते आणि सांगते, "जीभ वर लावून ओठ फुगव, ताई." दोरा चर्र वाजतो. दोन मिनिटांत काम होतं, डोळ्यांत पाणी येतंच. ही आपल्याकडची जुनी, स्वस्त आणि चांगली रीत आहे. फक्त प्रत्येकीला नवा दोरा हवा, आणि तोंडात धरलेल्या दोऱ्यापेक्षा मानेला अडकवलेला बरा. चेहऱ्यावर पुरळ, चामखीळ किंवा पाणीदार फोड असताना थ्रेडिंग करू नये, लागण पसरते. वॅक्सनंतर किंवा ओढून उपटल्यावर आपल्या वर्णाच्या कातडीवर काळे डाग राहतात, केस आत वळून फोडही येतात. हनुवटीवर तर हा त्रास फार.

"वस्तरा लावू नको, दाढी येईल," हे वाक्य ऐकलं नाही अशी मराठी मुलगी नसेल. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी संशोधिकेने १९२८ मध्येच मोजमाप करून दाखवलं की दाढी केल्याने केस ना जाड होतो ना लवकर वाढतो. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून खरखरीत लागतं, इतकंच. चेहऱ्याच्या छोट्या रेझरने केस काढणारी बाई काही चुकीचं करत नाही. दिवाळीत आपण उटणं लावतो, बाळाला कणकेच्या गोळ्याने चोळतो. मळ निघतो, थोडी लवही निघते, पण मूळ जागेवरच राहतं. राठ केसांना उटणं पुरत नाही.

मला सर्वांत जास्त राग येतो तो मेडिकलमधून मागून आणलेल्या गोरेपणाच्या ट्यूबचा. त्यातल्या कितीतरी ट्यूबांत बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, ऊन सोसत नाही, पुरळ येतं, आणि ज्यांच्या चेहऱ्यावर केस नव्हते त्यांनाही केस येतात. लग्न ठरलेल्या मुली ही ट्यूब लावतात आणि हळदीला लालबुंद चेहऱ्याने बसतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. ती तरीही मिळतात. घरात अशी ट्यूब असेल तर रोजची लावलेली एकदम बंद करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून सोडा.

एफ्लॉर्निथिन नावाचं एक मलम चिठ्ठीवर मिळतं. आफ्रिकेतल्या झोपेच्या रोगावरचं हे औषध, चेहऱ्याच्या केसांसाठी त्याला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. ते केसांची वाढ मंदावतं, केस काढत नाही, आणि सोडलं की दोनेक महिन्यांत गुण जातो. पाळी नियमित करणाऱ्या गोळ्या घ्यायच्या की अँड्रोजेनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. दिवस राहण्याची शक्यता असताना स्पायरोनोलॅक्टोन चालत नाही.

लेझरचा किरण केसातला काळा रंग पकडतो आणि मूळ जाळतो. आपल्या कातडीतही तोच रंग असतो, म्हणून भाजण्याची भीती. सावळ्या वर्णाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानतात. सहा-आठ वेळा जावं लागतं, आधी चार आठवडे उपटणं बंद, रेझर चालतो. पांढऱ्या केसावर लेझरचा उपयोग नाही. हार्मोन तसेच बिघडलेले राहिले तर केस परत येतात, आणि क्वचित आपल्याकडच्या बायकांत लेझर केलेल्या जागेच्या कडेने केस उलट वाढतातही. पैसे भरण्याआधी हे सगळं तोंडावर विचारा. केस कायमचा घालवणारी पद्धत म्हणजे सुईने वीज देणारी इलेक्ट्रोलिसिस. पापणीचे आत वळलेले केस काढण्यासाठी चार्ल्स मिशेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने ती १८७५ मध्ये वापरली. एकेक मूळ जाळायचं, फार चिकाटीचं काम.

बीडच्या बाईविषयी लिहायचं तर एका गोष्टीला बगल देता येत नाही. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जाणारी बाई उसाच्या फडात पाळीचा खाडा परवडत नाही म्हणून गर्भाची पिशवी काढून येते. २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळी मागेपुढे होते, अंगावरून जातं, एवढ्यावरही शस्त्रक्रिया झाल्या. पाळीचा घोळ हार्मोनचा असेल तर त्याचं मूळ पिशवीत नसतं, केसांचं तर नसतंच. पिशवी गेली तरी हनुवटीवरचे केस राहतात, साखर वाढायची ती वाढतेच, आणि सोबत अंडाशयही काढले असतील तर तिशी-पस्तिशीत म्हातारपण येतं.

२०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत पहिली आलेल्या मुलीचा फोटो छापून आला आणि लोकांनी तिच्या गुणांऐवजी ओठावरचे केस मोजले. आमच्याकडे पोहे घेऊन आलेल्या मुलीचे मोजतात, तसेच. ज्या बाईला केस ठेवायचे आहेत तिने खुशाल ठेवावेत, काढायचे आहेत तिने काढावेत. पण कारण तपासलंच पाहिजे, कारण त्याच धाग्याला पुढे साखर आहे.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचा आणि स्त्रीरोगाचा असे दोन्ही विभाग आहेत. जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कागदावर लिहून न्या, लावत असलेली ट्यूब पिशवीत टाकून न्या, आणि तपासायच्या आधी आठवडाभर केस काढू नका. डॉक्टरांना ते दिसले पाहिजेत.