विश्लेषण : डॉक्टर खरे की तीन साक्षीदार? ‘जॅक द रिपर’ प्रकरणातील एका तासाचे कोडे काय आहे?

लंडनमधील ‘जॅक द रिपर’ कोण होता, याचे उत्तर १३५ वर्षांहून अधिक काळ उलटूनही मिळालेले नाही. १८८८ मध्ये ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात झालेले पाच स्त्रियांचे खून सर्वसाधारणपणे त्याच्या नावावर टाकले जातात. त्यांतील दुसऱ्या, अ‍ॅनी चॅपमन यांच्या खुनाबाबत अभ्यासकांचा वाद आजही सुरू आहे. हा वाद मारेकऱ्याच्या नावाचा नसून वेळेचा आहे. खून पहाटे साडेचारपूर्वी झाला की साडेपाचच्या सुमारास? या तासाभराच्या फरकावर बरेच काही अवलंबून आहे.

नेमके काय घडले?

अ‍ॅनी चॅपमन ४७ वर्षांच्या होत्या. विभक्त राहणाऱ्या पतीकडून त्यांना आठवड्याला दहा शिलिंग मिळत. १८८६ च्या अखेरीस पतीचे निधन झाले आणि तो आधार तुटला. ८ सप्टेंबर १८८८ च्या मध्यरात्रीनंतर डॉर्सेट स्ट्रीटवरील लॉजिंग हाउसमध्ये खाटेचे भाडे द्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. पावणेदोनच्या सुमारास त्या पैशांची सोय करण्यासाठी बाहेर पडल्या.

सकाळी सहाच्या सुमारास, तिथून काही मिनिटांच्या अंतरावरील २९, हॅनबरी स्ट्रीट या घराच्या मागच्या अंगणात त्यांचा मृतदेह आढळला. तो प्रथम पाहिला त्या घरात राहणारे गाडीवान जॉन डेव्हिस यांनी.

डॉक्टरांचे म्हणणे काय होते?

पोलीस सर्जन डॉ. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स साडेसहाच्या सुमारास पोहोचले. शरीर गार पडले होते आणि हातपाय ताठरू लागले होते. त्यांच्या मते मृत्यू होऊन किमान दोन तास, कदाचित त्याहून अधिक वेळ झाला होता. म्हणजे खून साडेचारच्या आधीचा ठरतो.

मात्र त्यांनी एक पुस्तीही जोडली. सकाळ गार होती आणि रक्तस्राव मोठा झाला होता, त्यामुळे शरीर लवकर थंड झाले असण्याची शक्यता होती. गेले शतकभर वाद घालणारे दोन्ही पक्ष याच पुस्तीचा आपापल्या परीने अर्थ लावत आले आहेत.

तीन साक्षीदारांनी काय सांगितले?

पहिले जॉन रिचर्डसन. त्यांची आई त्याच घरात राहत होती. तळघराचे कुलूप शाबूत आहे का, हे पाहायला ते पावणेपाचच्या सुमारास आले. अंगणाच्या पायरीवर बसून त्यांनी बुटात टोचणारा चामड्याचा तुकडा चाकूने कापला. उजाडू लागले होते. मृतदेह असता तर दिसलाच असता, असे ते म्हणाले.

दुसरे शेजारच्या २७ क्रमांकाच्या घरातील सुतार अल्बर्ट कॅडॉश. ५.२० च्या सुमारास अंगणात असताना त्यांना कुंपणापलीकडून ‘नाही’ असा शब्द ऐकू आला. आत जाऊन तीन-चार मिनिटांनी ते पुन्हा बाहेर आले, तेव्हा कुंपणावर काहीतरी आदळल्याचा आवाज झाला. कामावर जाताना चर्चच्या घड्याळात ५.३२ झाले होते.

तिसऱ्या एलिझाबेथ लाँग. बाजाराकडे जाताना त्यांनी घरासमोर एक पुरुष व एक स्त्री बोलताना पाहिली. त्याच वेळी दारूभट्टीच्या घड्याळाने साडेपाचचे ठोके दिले. स्त्रीचा चेहरा त्यांनी पाहिला होता आणि पुढे शवागारात त्यांनी तो ओळखला. पुरुष मात्र पाठमोरा होता. तो सावळा, चाळिशी उलटलेला आणि परदेशी वाटला, असे त्यांनी सांगितले.

मग साक्षीवर शंका का?

रिचर्डसन यांनी पायरीवर बसल्याचे व बूट कापल्याचे आपल्याला त्या सकाळी सांगितलेच नव्हते, असे इन्स्पेक्टर चँडलर यांनी साक्षीत म्हटले. शिवाय दार मृतदेहाच्या बाजूला उघडत होते, त्यामुळे तो दाराआड झाकला गेला असेल, असा एक तर्क आहे. पण रिचर्डसन खरोखर पायरीवर बसले असतील, तर हा तर्क टिकणे कठीण.

दुसरा पेच लाँग आणि कॅडॉश यांच्या वेळांचा. एकाने ५.२५ च्या आसपास आवाज ऐकला असेल, तर साडेपाचला तीच स्त्री रस्त्यावर कशी? कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारे अधिकारी, होते विन बॅक्स्टर. (मुंबईतही गेल्या शतकाच्या अखेरपर्यंत हे पद होते.) कॅडॉश यांची वेळ पाव तासाने चुकली असेल, तर विसंगती उरत नाही, असे ते म्हणाले. लाँग यांनी सव्वापाचचे ठोके साडेपाचचे समजले असावेत, असे आजचे काही अभ्यासक म्हणतात. घरोघरी घड्याळ नसलेल्या वस्तीत अशी चूक अशक्य नव्हती.

त्या वेळी निर्णय काय झाला?

एकमत झालेच नाही. बॅक्स्टर यांनी साक्षीदारांच्या बाजूने कौल दिला. स्कॉटलंड यार्डचे चीफ इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सन यांनी मात्र ऑक्टोबरमधील अहवालात, डॉक्टर बरोबर असतील तर लाँग यांच्या साक्षीकडे शंकेने पाहावे लागेल, असे नोंदवले.

आजचे विज्ञान काय सांगते?

डॉ. फिलिप्स यांचा अंदाज प्रामुख्याने हाताच्या स्पर्शावर होता. आज शरीराचे आतले तापमान मोजून, वजन, कपडे आणि हवामान हिशेबात घेऊनही मृत्यूच्या वेळेत साधारण पावणेतीन तास अलीकडे-पलीकडे धरावे लागतात. त्यामुळे ‘डॉक्टर म्हणाले म्हणजे विषय संपला’ असे म्हणता येत नाही. साडेपाचची वेळ विज्ञान सिद्ध करत नाही. ती अशक्य नाही, एवढेच सांगते.

पण स्मृतीही तापमापकासारखी नसते. अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्या कैद्यांच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत साक्षीदाराने चुकीची ओळख पटवली होती. इथे तिन्ही साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, ही त्यांची ताकद. त्यांपैकी कुणीही खून पाहिलेला नाही, ही मर्यादा.

भारतीय न्यायालयांपुढेही हा पेच येतो. वैद्यकीय पुराव्याने प्रत्यक्षदर्शीचे म्हणणे पूर्णपणे अशक्य ठरत नसेल, तर प्रत्यक्षदर्शीच्या साक्षीला अधिक वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ‘अब्दुल सईद विरुद्ध मध्य प्रदेश’ (२०१०) या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

या एका तासाने काय बदलते?

पहिले, संशयितांची यादी. पहिल्या खुनातील मृतदेह शोधणारा गाडीवान चार्ल्स लेचमेअर हाच मारेकरी, असा एक दावा अलीकडे केला जातो. पण त्याच्याच साक्षीनुसार, तो मृतदेह सापडला त्या दिवशी तो पहाटे चारला कामावर पोहोचला होता. त्याची रोजची वेळ तीच असेल, तर साडेपाचचा खून त्याच्या माथी मारणे अवघड होते.

दुसरे, मारेकऱ्याचे वर्णन. लाँग चुकल्या असतील, तर त्या पाठमोऱ्या ‘परदेशी’ माणसाचा खुनाशी संबंधच उरत नाही. त्या दिवसांत ईस्ट एंडमधील ज्यू स्थलांतरितांवर जमाव धावून जात होता. जॉन पायझर या ज्यू चर्मकाराला संशयावरून अटकही झाली आणि नंतर तो निर्दोष ठरला. अशा वातावरणात ‘परदेशी वाटला’ हे दोन शब्दही घातक होते.

आणि तिसरे, खुद्द अ‍ॅनी चॅपमन. साक्षीदार बरोबर असतील, तर त्या आजारी बाईने एका खाटेच्या भाड्यासाठी जवळपास पावणेचार तास लंडनच्या रस्त्यांवर काढले. त्या मधल्या वेळात त्या कुठे होत्या, हे खात्रीने सांगणारा साक्षीदार मात्र एकही पुढे आला नाही.