शेरभर म्हणजे किती?

भाताला पाणी किती, असे घरातल्या कोणत्याही बाईला विचारा. एका वाटीला दोन वाट्या, असे ती चटकन सांगेल. वाटी लहान की मोठी, हा प्रश्न तिला पडत नाही आणि पडायचे कारणही नाही. दोन्ही जिन्नस एकाच वाटीने मोजले, की प्रमाण आपोआप साधते. घोटाळा होतो तो एक जिन्नस तागडीवर जोखला आणि दुसऱ्या वेळी भांड्याने मोजला म्हणजे.

आपल्याकडे हा घोटाळा जुनाच. 'शेर' हा शब्दच पाहा ना. तागडीवरचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. धान्याचा शेर मात्र भांडे : दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. नाव एक आणि वस्तू दोन! त्यातून शीग लावायची की माप हाताने सपाट करायचे, यावर देणाऱ्या-घेणाऱ्याची हुज्जत. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणत. तो लाभ कोणाचा, हे शिगेवर ठरे. पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने येऊ लागली आणि शेर मागे पडला. स्वयंपाकघरातले भांडे मात्र होते तिथेच राहिले.

आता शाळेतल्या पोषण आहाराचे पाहू; गुरुजींना तो रोजचाच विषय. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. पोते येते किलोने, पण शिजवणाऱ्या बाई घालतात डब्याने. डबा लिटरचा असला, की लिटर म्हणजे किलो असे आपण सहज धरून चालतो. ते खरे आहे पाण्यापुरते. तांदळाच्या दाण्यादाण्यांत फटी राहतात, तिथे नुसती हवा असते. लिटरच्या डब्यात तांदूळ बसतो साधारण ८०० ते ८५० ग्रॅम. साठ मुलांना ६ किलो हवे म्हणून सहा डबे घातले, तर पातेल्यात पडतात जेमतेम ५ किलो. कागदावर १०० ग्रॅम, ताटात ८३ च्या आसपास! कोणी काही चोरलेले नसते, तरी मुलाचा सहावा हिस्सा गेला. वर पोत्यात तांदूळ शिल्लक निघतो, वहीशी जुळत नाही, आणि बोट दाखवले जाते ते गुरुजींकडे.

तेलही पाण्याहून हलके. लिटरभर तेल सुमारे ९२० ग्रॅम भरते, म्हणून ३०० ग्रॅम तेलाला ३२५ मिलिलिटर घ्यावे लागते. बारीक मिठाचे उलट. ते पाण्याहून जड. आणि कणकेचा तर काही भरवसाच नाही. चाळलेली कणीक लिटरला ५०० ग्रॅमच्या आसपास, तीच दाबून भरली की कितीतरी जास्त.

म्हणून छापील तक्त्यावर विसंबू नका, आपल्याच डब्याची परीक्षा घ्या. रिकामा डबा जोखा, मग काठोकाठ पाणी भरून जोखा. पाणी जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर त्या डब्यात मावते. डबा कोरडा करून तांदूळ भरा, न ठोकता, न हलवता, आणि काठाशी पट्टीने सपाट करा. डब्याचे वजन वजा करून तांदळाचे लिहून ठेवा. असे तीनदा करून सरासरी काढा. पाचवीची मुले हे काम आनंदाने करतील, सरासरीचा धडाही होऊन जाईल. निघालेला आकडा डब्यावर रंगाने लिहा : 'तांदूळ, सपाट, ८३० ग्रॅम'. डाळीसाठी निराळा आकडा. मग ६ किलोला सव्वासात डबे, हे बाईंना तोंडपाठ होते.

मात्र नवे पोते फोडले आणि दाणा जाड-बारीक दिसला, तर तागडी पुन्हा काढायची.