निदान नंतर

खाटेवरचा पेशंट प्लॅस्टिकचा आहे, पण बोलतो. काचेपलीकडच्या खोलीत बसलेला तंत्रज्ञ माइकमध्ये कण्हतो आणि इकडे पुतळ्याच्या तोंडून आवाज येतो, ‘डॉक्टर, छातीत लई दुखतंय, दम लागलाय.’ पुतळ्याची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, डोळ्यावर बॅटरी मारली तर बाहुली आकसते. समोर पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर उभी आहे. ‘काका, कधीपासून दुखतंय? डाव्या हातात जातंय का? बीपी आहे? शुगर आहे?’ यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. मात्र तेवढ्या वेळात मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ९२ वरून ८८ वर आणि तिथून ८१ वर आलाय. घरात कुणाला हार्टचा त्रास होता का, हे विचारेपर्यंत काका उत्तर द्यायचे थांबले.

विभागप्रमुख मॅडमनी सराव तिथेच थांबवला. रागावल्या नाहीत. इतकंच विचारलं, ‘तुला काय झालंय ते शोधायचं होतं. काकांना काय पाहिजे होतं?’

मुलगी क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, ‘ऑक्सिजन.’

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या आपत्कालीन विभागात हे वर्ग चालतात. तिथे कोपऱ्यात स्टूल टाकून बसायची परवानगी मला मिळाली होती. दुपारी पुतळ्यावरचा सराव आणि रात्री त्याच मुलांबरोबर खरी कॅज्युअल्टी, असं ते बघणं होतं. या मुलांना इथे नव्याने शिकावं लागतं त्यापेक्षा जुनं मोडावं जास्त लागतं, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिप, या सगळ्या काळात त्यांच्या अंगी एकच क्रम मुरवलेला असतो. आधी पेशंटची कहाणी ऐका, मग तपासा, मग चाचण्या, मग निदान आणि सगळ्यात शेवटी उपचार. परीक्षेत गुण मिळतात ते निदानाला. इथे तो क्रम उलटा होतो. काय झालंय हे कळायच्या आधी हात चालवायचे, आणि हात चालू असतानाच विचार करायचा. हुशार विद्यार्थ्यांना हे जास्त जड जातं असं मॅडम म्हणाल्या, आणि बघितल्यावर मला ते पटलं.

उलट्या क्रमालाही शिस्त लागते. ती एका अपघातातून आली. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचं छोटं विमान शेतात कोसळलं. विमान ते स्वतःच चालवत होते. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी झाली. जवळच्या गावातल्या इस्पितळात पोचल्यावर स्टायनर यांना दिसलं की जखमींना कुठल्या क्रमाने हाताळायचं याची तिथे काहीच घडी बसलेली नव्हती. १९७८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच राज्यात पहिला अभ्यासक्रम घेतला. पुढे तो ‘अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स’ या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने उचलला आणि जगभर नेला. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू आणि शेवटी कपडे काढून संपूर्ण शरीर. पाच पायऱ्या, इंग्रजी मुळाक्षरांच्या पहिल्या पाच अक्षरांवर बसवलेल्या. एका पायरीवर बिघाड सापडला तर तो दुरुस्त केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ऐकायला हे पाठांतर वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीत बारकावे आहेत. ‘काका, नाव काय तुमचं?’ हा प्रश्न ओळखीसाठी नसतो. नाव नीट सांगितलं म्हणजे श्वासमार्ग मोकळा आहे, बोलण्याइतका श्वास आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय, एवढं एका उत्तरात कळतं. दुसऱ्या पायरीवर श्वास मोजायचे. याबद्दल मॅडमची एक जुनी तक्रार आहे. आपल्याकडच्या केसपेपरवर श्वासाचा वेग कायम १८ किंवा २० असतो, कारण तो कुणी मोजतच नाही, अंदाजाने लिहितात. मिनिटभर छातीकडे बघत उभं राहण्यासारखा स्वस्त तपास नाही आणि इतका टाळला जाणारा तपासही नाही. तिसऱ्या पायरीवर नख दाबून सोडायचं आणि रंग दोन सेकंदांत परत येतो का ते पाहायचं. चौथ्या पायरीला साखर.

साखरेचं महत्त्व एका रात्री दिसलं. साठीच्या एका गृहस्थांना मुलाने उचलून आणलं. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं अडखळत. अर्धांगवायूच, असं घरच्यांनी ठरवूनच आणलं होतं. मलाही तेच वाटलं. सिस्टरनी मात्र कुणी सांगायच्या आत बोटाला सुई टोचली. साखर ३४. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि काही मिनिटांत त्यांनी उजव्या हाताने सलाइनची नळी बाजूला सारत विचारलं, ‘मला कशाला आणलंय इथं?’ मधुमेहाची गोळी घेतली होती आणि जेवण राहिलं होतं. आधी सीटी स्कॅनला पाठवलं असतं तर तेवढा वेळ मेंदू साखरेवाचून राहिला असता.

मॅडम सर्वांत जास्त वेळ खर्च करतात तो बोलण्यावर. नव्या तुकडीचा पहिला सराव पाहिला की कारण कळतं. हृदय बंद पडलेल्या पुतळ्याभोवती सहा जण, आणि त्यातला एक ओरडतो, ‘कुणीतरी अ‍ॅड्रिनालिन द्या रे!’ सहाही जणांना वाटतं, दुसरा देतोय. म्हणून इथे ‘कुणीतरी’ चालत नाही. नाव घ्यायचं, औषध, मात्रा आणि मार्ग सांगायचा. ‘स्मिता सिस्टर, अ‍ॅड्रिनालिन एक मिलिग्रॅम, शिरेतून.’ सिस्टरनी तेच शब्द परत म्हणायचे आणि दिल्यावर सांगायचं, ‘एक मिलिग्रॅम दिलं, दोन वाजून बारा मिनिटं.’ भिंतीपाशी एक जण फक्त वेळ लिहितो, कारण पुढचा डोस तीन ते पाच मिनिटांनी द्यायचा असतो आणि त्या गडबडीत पाच मिनिटं किती झाली हे कुणाच्याच अंदाजाने बरोबर येत नाही.

गटाचा प्रमुख खाटेच्या पायथ्याशी उभा राहतो आणि हात पाठीमागे बांधतो. हा नियम मला विचित्र वाटला होता. सर्वांत जाणता माणूसच हात का लावत नाही? उत्तर तिथेच मिळालं. एका सरावात प्रमुख मुलगा नळी घालायला डोक्याशी गेला, घशात बघण्यात गुंतला, आणि छाती दाबायचं मागच्या बाजूला थांबलंय हे वीस सेकंद कुणाच्याच लक्षात आलं नाही. छातीवरचा दाब थांबला की रक्ताचा प्रवाह लगेच पडतो आणि पुन्हा उभा राहायला बरेच दाब लागतात. म्हणून थांबणं दहा सेकंदांच्या आत हवं.

दाबण्याचं काम कष्टाचं आहे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मीही करून पाहिलं. दुसऱ्या मिनिटाला आपण जोरातच दाबतोय अशी माझी खात्री होती, आणि पुतळ्याला जोडलेला पडदा खोली कमी झाल्याचं दाखवत होता. दमल्याचं दाबणाऱ्याला कळायच्या आधी दाब उथळ होतो, म्हणूनच दर दोन मिनिटांनी माणूस बदलतात. तगडा वॉर्डबॉय असला तरी बदलतात. ‘मी अजून करतो’ या शौर्याला इथे किंमत नाही.

रात्रीच्या कॅज्युअल्टीत पुतळ्याची स्वच्छता नसते. शेतीच्या या पट्ट्यात कीटकनाशक पोटात गेलेले पेशंट येतात. घामाने भिजलेलं अंग, तोंडाला फेस, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, श्वासात बुडबुड. नातेवाइकांपैकी कुणी बाटली आणायला गावाकडे पळतं, पण बाटलीची वाट कुणी पाहत नाही. अंगावरचे कपडे कापून काढतात, वॉर्डबॉय मामा साबणाच्या पाण्याने अंग धुतात आणि अ‍ॅट्रोपिन सुरू होतं. इथे मला त्या शिक्षणाचं सगळ्यात सुरेख आणि सगळ्यात रांगडं रूप एकत्र दिसलं. आपल्याकडे अ‍ॅट्रोपिनची काचेची कुपी येते ०.६ मिलिग्रॅमची. पहिल्यांदा तीन कुप्या, पाच मिनिटांनी छाती ऐकायची. बुडबुड आहे? मग सहा. पुन्हा पाच मिनिटं, मग बारा. मग चोवीस. पंधरा मिनिटांत ४५ कुप्या. दोन इंटर्न भिंतीशी उभे राहून फक्त कुप्यांच्या माना मोडत होते, एक जण सिरिंजमध्ये ओढत होता. कापूस गुंडाळून मोडायचं शिकवलेलं असूनही एकाचं बोट कापलंच. पायाखाली काच करकरत होती.

थांबायचं कधी, हा खरा प्रश्न. पूर्वी बाहुल्या मोठ्या होण्याकडे डोळे लावून बसत. पण बाहुल्या उशिरा प्रतिसाद देतात, आणि विषाचा थेंब डोळ्यात उडाला असेल तर लहानच राहतात. म्हणून आता स्टेथोस्कोप छातीवर ठेवायचा. फुप्फुसं कोरडी, नाडी ८० च्या वर, रक्तदाब सावरलेला, काखेत घाम नाही. एवढं झालं की दुपटीचा हिशेब बंद, पुढचं सावकाश. त्यानंतर पेशंट चादर चिवडायला लागला, बरळायला लागला, अंग तापलं, तर औषध जास्त झालं. दोन्ही बाजूंनी जीव जातो, आणि मधली वाट दर पाच मिनिटांनी कान लावूनच सापडते. यंत्र ते करत नाही.

सर्पदंशात तर परीक्षा वाट पाहण्याची असते. शिरेतून काढलेलं थोडं रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं आणि वीस मिनिटं हलवायचं नाही. मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय. नळी काचेचीच लागते, प्लॅस्टिकमध्ये निकाल फसतो. साबणाने धुतलेलीही चालत नाही. हल्ली सगळीकडे प्लॅस्टिक, त्यामुळे इन्चार्ज सिस्टर काचेच्या नळ्या कुलपात ठेवतात आणि एखादी मागितली तर आधी कशाला ते विचारतात. मण्यार चावली तर या नळीचा उपयोग नाही. तिथे पापण्या बघायच्या. पहाटे पोटदुखी म्हणून आलेला, जमिनीवर झोपलेला, अंगावर खूण नसलेला माणूस डोळे उघडू शकत नसेल तर आधी श्वासाची तयारी करायची.

निदानाला इथे किंमत नाही असा याचा अर्थ कुणी काढू नये. निदान नंतर येतं, पण यावंच लागतं, आणि ते कधीकधी अशाच खाटेशेजारी जन्मतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या पेशंटशेजारी बसून घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय, चढणारा रक्तदाब आणि शेवटी फुप्फुसात भरणारं पाणी टिपत राहिले. ती निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी या दंशावर वापरून त्यांनी मृत्यू पार खाली आणले. प्रतिविष आणि प्राझोसिन मिळून दिल्याचा फायदा दाखवणारी त्यांची आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांची चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आली. हे काम मोठ्या शहरातल्या संस्थेत झालं नाही, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

भारतात आपत्कालीन वैद्यकशास्त्राला स्वतंत्र विषयाची मान्यता मिळाली २००९ मध्ये. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली २०१४ मध्ये, ९३७ गाड्यांनिशी, आणि तिच्यात डॉक्टर असतो, बहुतेक वेळा आयुर्वेदाचा पदवीधर. म्हणजे हे शिक्षण ज्यांना सगळ्यात आधी लागतं ते वैद्यकीय महाविद्यालयात नाहीतच. ते गाडीत आहेत, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आहेत, रात्रपाळीला एकटे आहेत. बोलणारा महागडा पुतळा त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. त्याची गरजही नाही. छाती दाबायचा साधा धडपुतळा, एक घड्याळ आणि चुका दाखवणारा माणूस एवढ्यावर बरंच काही होतं, फक्त ते दर काही महिन्यांनी परत व्हायला हवं. एकदा प्रमाणपत्र घेतलं आणि भिंतीवर लावलं, याने हात तयार राहत नाहीत.

वाचकांनी करण्यासारखंही आहे. माणूस आणलात तर ‘आधी काय झालंय ते सांगा’ असा डॉक्टरांमागे लकडा लावू नका, पहिली काही मिनिटं ते त्यांनाही माहीत नसतं. त्याऐवजी तुम्ही सांगा: कधी झालं, शेवटचं कधी खाल्लं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कशाची अ‍ॅलर्जी आहे. विष असेल तर बाटली आणा, साप असेल तर त्याच्यामागे जाऊ नका. दंशावर करकचून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका, हातपाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती कायद्याने कुणीही करू शकत नाही. आणि छाती दाबायला शिकून घ्या. एका दुपारीत येतं.