भांडे की पक्षी?

१९२६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात पॅरिसचा शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी याची शिल्पे एका प्रदर्शनासाठी बोटीने न्यूयॉर्कला पोहोचली. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी माल तपासला, तर त्यात ब्राँझची एक चकचकीत वस्तू निघाली. उंची सुमारे साडेचार फूट, वर निमुळती होत गेलेली. ना चोच, ना पंख, ना पाय. नाव मात्र ‘अवकाशातील पक्षी’! कलाकृतीला जकात माफ होती. पण ही कलाकृती आहे हेच अधिकाऱ्यांना पटेना. त्यांनी तिची नोंद स्वयंपाकघरातील भांडी व दवाखान्याचे सामान या सदरात केली आणि शेकडा ४० जकात लावली.

वाचकहो, हसू येते खरे. पण त्या अधिकाऱ्यांना एकदम अडाणी ठरवू नये असे आम्हांला वाटते. स्टुडिओत जो पक्षी बघणाऱ्याला खिळवून ठेवी, तो गोदीतल्या मालात भांडेच दिसला. आपल्या मुलाचे चित्र घरात वह्यांखाली पडलेले असते. तेच शाळेच्या प्रदर्शनात भिंतीवर लागले की आपणच त्याच्यासमोर थबकतो. कागद तोच, रंग तेच.

पुढे खटला झाला. हा पक्षी रानात दिसला तर त्यावर गोळी झाडाल काय, इथवर प्रश्न विचारले गेले. एखादा कुशल कामगार असा दांडा घासून तयार करू शकणार नाही का, असेही विचारले. शिल्पकार जेकब एपस्टाईन यांनी उत्तर दिले, की कामगार त्याला चकाकी आणील, पण त्याची कल्पना त्याला सुचणार नाही. हे उत्तर आम्हांला काही रुचले नाही. कारण ब्रांकुशी आपले ब्राँझ स्वतःच्या हातांनी घासत असे. रुमानियातील गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा. लहानपणी मेंढ्या राखल्या, पॅरिसला आल्यावर पोटासाठी हॉटेलात भांडी धुतली. घासणारा हात आणि कल्पना करणारे डोके एकाच माणसाचे होते. असो. १९२८ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल लागला : पक्ष्याशी साम्य दिसणे कठीण, तरी वस्तू सुंदर आहे आणि ती कलाकृतीच आहे. जकात उठली.

ब्रांकुशीला मात्र स्टुडिओबाहेर गेलेल्या कामाची काळजी कायम राहिली. शिल्पाखालची दगडी, लाकडी बैठकही तो स्वतः घडवी. कोणते शिल्प कोणाशेजारी, उजेड कुठून, हे पुन्हा पुन्हा बदलून बघे. एखादे शिल्प विकले गेले, की त्या रिकाम्या जागी त्याचीच प्लॅस्टरची प्रत ठेवी. घरातले माणूस परगावी गेले तरी त्याचे ताट मांडावे, तसे! अखेरच्या वर्षांत नवे काम जवळजवळ थांबले; ही मांडणी हेच त्याचे काम झाले.

त्याच्या शिल्पांचा आपल्याकडचाही एक धागा आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी त्याचे तीन पक्षी घेतले – एक ब्राँझचा, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवराचा. त्यांच्यासाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले. ‘बुद्धाचे चैतन्य’ या नावाचे एक शिल्पही ब्रांकुशीच्या मनात त्या मंदिरासाठी होते. १९३७-३८ च्या हिवाळ्यात तो इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर काही उभे राहिले नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले. ब्राँझचा अमेरिकेत गेला. आणि मंदिरासाठी योजलेले ते दहा फुटी ओकचे लाकडी शिल्प न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात आहे. नाव आहे ‘राजांचा राजा’. आता तिथे उभ्या असलेल्या माणसाला बुद्धाची आठवण कशी व्हावी?

१९५६ साली ब्रांकुशीने मृत्युपत्र केले : स्टुडिओतले सारे फ्रान्स सरकारला, मात्र स्टुडिओ होता तसाच पुन्हा उभारावा. १३७ शिल्पे, ८७ बैठका, शिवाय हत्यारे आणि फोटो. दुसऱ्याच वर्षी तो वारला. मूळ इमारत पुढे पाडली गेली. स्टुडिओ १९६२ मध्ये एका संग्रहालयात थोडासा उभा केला, १९७७ मध्ये पाँपिदू केंद्रासमोर पुन्हा बांधला. १९९० मध्ये त्यात पाणी शिरले म्हणून बंद पडला. शेवटी १९९७ मध्ये रेन्झो पियानो या वास्तुकाराने नवी वास्तू दिली. प्रत्येक वस्तू ब्रांकुशीने ठेवली होती तशी. फक्त मधे काच. लोक बाहेरून फेरी मारून बघत. आत पाऊल टाकायची सोय नव्हती.

पाँपिदू केंद्राच्या दुरुस्तीआधी त्या काचेमागचेही सामान हलवावे लागले, आणि २०२४ साली ते केंद्रातल्याच मोठ्या प्रदर्शनात मांडले गेले. जे एका खोलीतून दुसरीकडे जाऊ नये म्हणून मृत्युपत्र केले, तो स्टुडिओच प्रदर्शनात गेला.