गणित आणि सामाजिक शास्त्रे : महाविद्यालय कसे निवडावे?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एक वाटणी आपोआप होऊन जाते. गणितात गुण चांगले पडले तर विज्ञानशाखा. इतिहास-भूगोलाची गोडी असेल तर कलाशाखा. या दोन वाटांच्या मधोमध उभा असलेला विद्यार्थी मात्र कोणाच्या फारसा ध्यानात येत नाही. बीजगणितातील एखादे अवघड उदाहरण सुटले की त्याला आनंद होतो, आणि दुष्काळात कोणत्या घरातील मुले प्रथम शाळा सोडतात, हा प्रश्नही त्याला स्वस्थ बसू देत नाही. अशा विद्यार्थ्याने महाविद्यालय कसे निवडावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

या दोन विद्यांचा मेळ कोठे बसतो, हे आधी पाहू. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. दर माणशी दररोज २२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चात मिळतो, तो खर्च त्यांनी किमान मानला. १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात दरडोई दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये, असा तो हिशेब होता. थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी अशा मोजणीवर आक्षेप घेतला. निरोगी माणसाचा आहारही रोज सारखा नसतो, आणि शरीर काही मर्यादेपर्यंत त्याच्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी मानला, तर उपाशांची संख्या वाजवीपेक्षा फुगते, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांना ते मान्य नव्हते. वाद वरवर आकड्यांचा होता. पण कोट्यवधी माणसांना गरीब म्हणावयाचे की नाही, हे त्यावर अवलंबून होते. ज्याला केवळ गणित येते, त्याला या वादातील माणूस दिसणार नाही. ज्याला केवळ कळकळ आहे, त्याला त्यातील युक्तिवाद तपासता येणार नाही.

आता निवडीकडे वळू. पहिली गोष्ट महाविद्यालयाच्याही आधीची आहे. अकरावी-बारावीला गणित सोडू नये. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी बारावीला गणित असावेच लागते. म्हणजे सोळाव्या वर्षी सोडलेला एक विषय अठराव्या वर्षी दार बंद करू शकतो. महाराष्ट्राच्या मंडळात कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही गणित घेता येते. परंतु प्रत्येक महाविद्यालय तो विषय त्या शाखेत शिकवतेच असे नाही. आपण वेगवेगळ्या राज्यांत राहतो व मंडळांचे नियमही वेगवेगळे आहेत. म्हणून प्रवेशापूर्वीच ही चौकशी करावी.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. पदवीच्या नावावर जाऊ नये. प्रत्येक सत्रातील विषयांची यादी मागून घ्यावी. त्या यादीत कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता व संख्याशास्त्र हे विषय आहेत काय? अर्थशास्त्राच्या वर्गात त्यांचा उपयोग केला जातो काय? विद्यार्थी प्रश्नावली घेऊन वस्तीत जातात काय? हा शेवटचा प्रश्न किरकोळ समजू नये. योग्य रीतीने निवडलेल्या हजार माणसांना विचारले, तर मोठ्या शहराचे मत साधारण तीन टक्क्यांच्या फरकाने सांगता येते, हे गणित शिकवते. पण भर दुपारी दार ठोठावले, तर मजुरीला गेलेली बाई घरी भेटत नाही आणि तिचे मत हिशेबातून गळते, हे गणिताच्या पुस्तकात आढळत नाही. ते वस्तीत गेल्यावरच कळते.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा गौण विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे. कागदावर गणित व समाजशास्त्र ही जोडी त्यामुळे शक्य दिसते. परंतु दोन्ही तास एकाच वेळी ठेवलेले असतील, तर त्या सवलतीचा उपयोग काय? चालू वर्षाचे वेळापत्रक पाहावे आणि ही जोडी घेतलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला भेटावे. माहितीपत्रक जे सांगत नाही, ते तो पाच मिनिटांत सांगेल.

या विद्येकडे दोन बाजूंनी जाता येते, आणि दोन जुन्या संस्था त्याची साक्ष देतात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९५० मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी ही त्यांच्याच प्रेरणेने उभी राहिली. तेथील बी. स्टॅट. ही पदवी गणिताच्या बाजूने समाजाकडे नेते, आणि तिच्या प्रवेशपरीक्षेसाठी गणिताची पक्की तयारी लागते. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक होते, आणि दांडेकरांनीही पुढे ते पद सांभाळले. तेथे अर्थशास्त्राची बी. एस्सी. पदवी घेता येते. ही वाट समाजाच्या बाजूने गणिताकडे येते. विद्यार्थ्याने आपल्या मनाला विचारावे : सिद्धतेत अधिक रमतो की प्रश्नात? उत्तर मिळाले की वाटही सापडते.

परगावी धाडण्याची ऐपत सर्वांची नसते. म्हणून निराश होण्याचे कारण नाही. जवळच्या महाविद्यालयात गणित किंवा संख्याशास्त्र मुख्य व अर्थशास्त्र गौण, असा मेळ बसला आणि दोन्ही विभागांत एकेक आस्थेवाईक अध्यापक लाभला, तरी पाया भक्कम होतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी मोठ्या संस्थेची वाट पुढे खुली राहते. फक्त एक पथ्य पाळावे. दोन कठीण विषयांपैकी एक सत्रापुरताही बाजूला ठेवू नये. कारण सुटलेले गणित पुन्हा हाती धरणे फार जड जाते.

पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. ‘याची नोकरी कोणती?’ हा प्रश्न रास्त आहे. बँका, सरकारी सांख्यिकी खाती, विमा आणि संशोधनसंस्था यांना अशी माणसे लागतात. परंतु त्याहून मोठा प्रश्न असा की, आपल्या गावाविषयी, आपल्या गरिबीविषयी जे आकडे छापले जातात, ते खरे की खोटे हे तपासणारा कोणी आपल्यातून तयार होणार की नाही? मुलाची ओढ दोन्हीकडे असेल, तर त्याला एकच बाजू निवडावयास लावू नये.